मधली सुट्टी नावाचा देश

बाईंच्या घरात डावं-उजवं नव्हतं. दिशा होत्या. पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "चपला पश्चिमेकडे काढ. पाण्याचा माठ आग्नेयेच्या कोपऱ्यात आहे. तुझी खोली उत्तरेची, उन्हाळ्यात बरी पडते."

मी समुद्रपूर तालुक्यातल्या, जामजवळच्या एका खेड्यातून कॉम्प्युटरचा कोर्स करायला वर्ध्याला आलेली. परक्या घराच्या अंधाऱ्या पडवीत पश्चिम कुठली हे मला कुठून कळणार? मी चपला हातात धरून उभीच राहिले. बाई थोडा वेळ पाहत राहिल्या आणि मग शाळेतली भाषा बाजूला ठेवून म्हणाल्या, "काऊन वं, तुमच्या गावात सूर्य नाई निंगत का?"

अशी आमची ओळख झाली. त्या घरमालकीण आणि मी भाडेकरू. पण त्यांनी मला कधी भाडेकरूसारखं वागवलं नाही. विद्यार्थिनीसारखं वागवलं, आणि ते जास्त कठीण होतं.

मुलींच्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं करता करता वय निघून गेलं, असं शेजारच्या काकू सांगायच्या. बाई स्वतः त्याबद्दल काही बोलत नसत. ऑटोत बसल्या की "पुढे चौकातून दक्षिणेला घ्या" असं सांगत. ओळखीचे ऑटोवाले हसून हँडल वळवत. नवा असला तर विचारी, "बाई, दक्षिण म्हणजे कॉटन मार्केटकडे की पोस्टाकडे?" मग बाई रस्त्याच्या मधोमध ऑटो थांबवून त्याला उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहायला लावत.

सगळं जग तोंडपाठ असलेल्या या बाई नागपूरच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. तांदूळ निवडता निवडता नॉर्वेच्या किनाऱ्याबद्दल सांगत, ते असं की मला वाटे परवाच जाऊन आल्या. रेडिओवर कुठल्याशा दूरच्या देशातल्या पुराची किंवा भूकंपाची बातमी लागली की त्यांचा चेहरा उतरे. त्या दिवशी जेवताना बोलत नसत. मी एकदा विचारलं, "बाई, तिथं तुमचं कोणी आहे का?" तर म्हणाल्या, "शिकवलाय तो देश मी. कोणी नाही कसं?"

आणि या भूगोलाच्या बाईंना नकाशा काढता येत नसे. अजिबात नाही. हात आधीपासूनच कापरा. फळ्यावर भारत काढायला घेतला की गुजरात फुगायचा आणि खालचं टोक मधेच संपायचं. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं, पण कळलं ते फार उशिरा. आधी कळला तो कॉम्प्युटर.

एका दिवाळीनंतर मी गावाहून परतले तर पूर्वेच्या भिंतीला टेबल लावलेलं आणि त्यावर कॉम्प्युटर. वर भरतकामाचा रुमाल. त्या काळात असा कॉम्प्युटर घरात असणं म्हणजे गल्लीतल्या बायकांनी येऊन पाहून जाण्याची गोष्ट होती. बाई खुर्चीवर ताठ बसून होत्या, जणू परीक्षेला बसल्या आहेत.

"मले नकाशा काढाले शिकव," त्या म्हणाल्या.

"कशाचा? महाराष्ट्राचा?"

"नसलेल्या देशाचा."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण बाई थट्टा करत नसत. मी म्हटलं, मी स्वतःच अजून शिकते आहे, क्लासमधे आत्ता कुठे चित्रांचा प्रोग्राम सुरू झालाय. "मग सकाळी तू शीक आणि संध्याकाळी मले शिकव," त्या म्हणाल्या. आणि तसंच सुरू झालं. मी क्लासमधून जे अर्धंमुर्धं घेऊन येई ते चहानंतर त्यांना देई, आणि त्यांच्या प्रश्नांनी माझी जी फजिती होई ती दुसऱ्या दिवशी सरांना विचारून निस्तरत असे.

पहिले काही दिवस माउसनेच खाल्ले. तो टेबलाच्या काठाशी पोचला की बाई थांबत. "टेबल संपलं. आता?"

"उचलून मागे ठेवा."

"उचलला तर पडद्यावरचा बाण मागे नाही जाणार?"

"नाही."

हे त्यांना पटेना. जमीन सरकली तर जमिनीवरचं माणूसही सरकतं, असं त्यांचं म्हणणं. पण प्रोग्राममधली एक गोष्ट त्यांना पहिल्या झटक्यात कळली, ती म्हणजे थर. खालच्या थरावर समुद्र, त्याच्यावर जमीन, त्याच्यावर डोंगर, त्याच्यावर नद्या, सगळ्यात वर नावं; एकाला हात लावला तर दुसरा हलत नाही. मी समजावून सांगायच्या आतच बाई म्हणाल्या, "खडकातही असंच असतं." आणि पहिल्यांदा कॉम्प्युटरकडे जरा प्रेमाने पाहिलं.

किनारा काढताना मी त्यांना गोलाई कशी आणायची ते दाखवत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला. "किनारा काय भाकरीसारखा गोल असतो? समुद्र कुरतडतो त्याला." त्यांनी स्वतः माउस धरला. हात कापत होता, रेघ कापत होती, आणि पडद्यावर बारीक खाड्या, सुळके, छोटे छोटे उपसागर असलेला किनारा उमटत गेला. इतका खरा की मी पाहतच राहिले. बाई म्हणाल्या, "माह्या हाताचा पहिल्यांदाच उपयोग झाला वं."

तेवढ्यात लाइट गेले. त्या वर्षांत लोडशेडिंगचं वेळापत्रक रोज बदलायचं. आणि काम साठवून ठेवायचं असतं हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. दिवा बंद, पंखा बंद, पडदा काळा. बाई हलल्या नाहीत. मग पुराच्या बातमीनंतर बोलत त्याच आवाजात म्हणाल्या, "एक अख्खा किनारा गेला." त्यानंतर त्या प्रत्येक रेघेनंतर काम साठवत. एक रेघ, एक सेव्ह.

डोंगर काढायला मी सोपी युक्ती सांगितली. एक काढायचा आणि त्याच्या नकला करून ओळीने लावायच्या. बाईंनी ती रांग पाहून विचारलं, "हे काय प्रार्थनेला उभे हायेत?" मग प्रत्येक डोंगर थोडा लहान-मोठा, थोडा तिरपा करत बसावं लागलं. वारे पश्चिमेकडून वाहतात असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून डोंगराच्या पूर्वेला पाऊस नाही, म्हणून तिथे वाळवंट. असलेल्या देशातसुद्धा मी इतका विचार केला नव्हता.

त्या देशाचं नाव मधली सुट्टी. हे मला नावं टाइप करतानाच कळलं. राजधानी हजेरी. ईशान्येकडून नैऋत्येकडे गेलेली पांढरी डोंगररांग म्हणजे खडू पर्वत. भोवती शाईचा समुद्र, त्यात घंटा नावाचं बेट. आणि ते कोरडं वाळवंट, त्याचं नाव परीक्षा. त्या मराठी अक्षरांच्या फॉन्टमधे 'पर्वत'मधला रफार कुठल्या बटणावर आहे ते सापडेना, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. बाई नाराज झाल्या नाहीत, पण म्हणाल्या, "आणखी किती दिवस लागतील?"

हा प्रश्न त्या रोज विचारू लागल्या. एरवी त्यांना घाई कशाचीच नसे. मला नवल वाटे, पण विचारायचं धैर्य नव्हतं. एका रविवारी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होती. ती दारातच उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "आज थोडा वरणभात खाल्ला बाई त्यांनी. पण आता जास्त दिवस नाहीत." बाईंनी मान हलवली. तिला चहा दिला. ती गेल्यावर त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या, आणि पडद्याकडे पाहतच मला सगळं सांगितलं.

त्यांच्याच शाळेत चित्रकलेच्या एक बाई होत्या. मुली त्यांना रंगबाई म्हणत आणि यांना नकाशाबाई. दोघी साधारण एकाच वेळी नोकरीला लागल्या. यांचा नववीचा तास असला की रंगबाई आधी येऊन फळ्यावर भारत काढून ठेवत, एका दमात, खडू न उचलता. मग या येऊन त्यात नद्या सांगत. मुलींना वर्षानुवर्षं वाटत होतं की नकाशा नकाशाबाईच काढतात. हे गुपित दोघींनी सांभाळलं.

मधल्या सुट्टीत इतर शिक्षिका स्वेटर विणत, डबे खात. या दोघींनी आशियाच्या एका फाटक्या नकाशाच्या पाठीवर आपला एक देश काढायला घेतला. डोकं यांचं, हात रंगबाईंचा. कुठे पाऊस पडतो ते या सांगत, तो पाऊस कसा दिसतो ते रंगबाई काढत. आई घरी कण्हत असे, शाळेत नवे मुख्याध्यापक येत आणि बदलून जात, देश वाढत होता.

"मग एक दिवस तिनं नदी काढली," बाई म्हणाल्या. "खडू पर्वतातून निंगालेली. अर्ध्या वाटेवर आली आणि तिनं ती फोडली. एक फाटा पूर्वेच्या समुद्राले, एक पश्चिमेच्या. मी म्हटलं, नदी अशी फुटत नाई. नद्या येऊन मिळतात, फुटून जात नाईत. ते म्हणे, हिले दोन्ही समुद्र पाह्यचे हायेत. मी म्हटलं, पुसून टाक. ते म्हणे, नाई. मंग मी सगळ्या स्टाफरूमसमोर म्हटलं का तुले रंग कळतात, भूगोल कळत नाई; शिकलेल्या माणसासारखं वाग. तिनं नकाशा गुंडाळला, कपाटात ठेवला. आणि बोलणं सोडलं."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून. मीही नाई बोलली. मले वाटलं, ते येईन. तिले वाटलं असन, मी येईन."

एकाच स्टाफरूममधे, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून त्यांनी उरलेली नोकरी काढली. फळ्यावरचा भारत यांना स्वतः काढावा लागला. मुली हसल्या. शाळेची नवी इमारत झाली तेव्हा जुन्या सामानाबरोबर तो नकाशाही गेला. दोघी निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमातही नमस्कारापलीकडे शब्द झाला नाही.

"मग बाई, तुम्ही आता तरी जा ना भेटायला. रोज ऑटो जातात सेवाग्रामला."

"रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

"फळं न्या."

"फळं लोक नेतात," बाई म्हणाल्या.

नदी त्यांनी शेवटासाठी राखून ठेवली होती. सगळ्या देशात गोडं पाणीच नव्हतं तोवर. त्या संध्याकाळी त्यांनी खडू पर्वतातून रेघ सुरू केली. अर्ध्यावर आल्यावर हात थांबला. माझ्याकडे न पाहता त्यांनी एक फाटा पश्चिमेकडे नेला, मग परत येऊन दुसरा पूर्वेकडे. साठवलं.

"पण तुम्ही तर म्हणता नद्या फुटत नाहीत," मी म्हटलं.

"फुटतात. दक्षिण अमेरिकेत हाय अशी एक. अर्धं पाणी एकीकडे जाते, अर्धं दुसरीकडे." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मले तवाही ठाऊक होतं."



रंगीत छपाईचं मोठं यंत्र वर्ध्यात तेव्हा एका दुकानात नुकतंच आलं होतं. तिथे नकाशा छापून घेतला. पडद्यावरचा निळा समुद्र कागदावर जांभळा उतरला. बाईंना ते सहन होईना. दुकानदाराशी त्यांनी बराच वाद घातला. पण पुन्हा छापायचं म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, आणि थांबायला त्या तयार नव्हत्या. आम्ही तसाच कागद वर्तमानपत्रात गुंडाळून ऑटोत बसलो. सेवाग्राम येईपर्यंत बाईंनी ती गुंडाळी मांडीवर आडवी न ठेवता दोन्ही हातांनी उभी धरून ठेवली होती.

रंगबाईंना मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं ते तिथे. देह अगदी लहान झालेला, डोक्याला सुती रुमाल. डोळे मात्र टक्क जागे. शेजारी त्यांची भाची बसली होती. आमच्या बाई पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, माफी मागतील किंवा रडतील. त्या म्हणाल्या, "खिडकी दक्षिणेकडे हाय. ऊन लागत असन तुले."

रंगबाई बघत राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आली का तू? उत्तरेकडे बस नाईतर दक्षिणेकडे बस. पण बस वं आता."

बाई बसल्या. मी आणि भाचीने नकाशाची टोकं धरून तो त्यांच्यापुढे उघडला. रंगबाईंनी खूप वेळ पाहिलं.

"समुद्र जांभळा काऊन?"

"छापणाऱ्यानं केला. मी निळाच देल्ला होता."

"राहू दे. चांगला दिसते." मग, "रेघ कोणाची?"

"माह्यी."

"दिसूनच राह्यलं," रंगबाई म्हणाल्या आणि हसल्या. हसण्याचा खोकला झाला, भाचीने पाणी पाजलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी बोट उचललं आणि खडू पर्वतावर ठेवलं. बोट नदीवरून खाली आलं. फाट्याशी थांबलं. मग पश्चिमेच्या समुद्रापर्यंत गेलं, तिथून तसंच उलटं परत आलं, आणि पूर्वेच्या समुद्रापर्यंत गेलं. आमच्या बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

"मी तवा..." त्या म्हणाल्या.

"राहू दे वं," रंगबाई म्हणाल्या.

त्यांनी बाईंचा हात धरला नाही, की बाईंनी त्यांचा. दोघी नकाशाकडेच पाहत होत्या. मला वाटलं आता सगळं झालं, आता आपण बाहेर जावं. तेवढ्यात रंगबाईंच्या कपाळावर आठी आली. त्या काहीतरी शोधत होत्या.

"आपण राहतो कुठी?"

"म्हंजे?"

"एवढा देश केला आपण. बंदर हाय, राजधानी हाय, वाळवंट हाय. तुह्यं-माह्यं घर कुठी हाय यात?"

बाई नकाशावर वाकल्या. घाईघाईने म्हणाल्या, "काढते ना. घरी जाऊन काढते. उद्या आणते पुन्हा छापून."

"हो. पण चांगली जागा पाह्यजो," रंगबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटले. नकाशा त्यांनी ठेवून घेतला.

परतताना बाई ऑटोतून रस्त्याकडेची घरं पाहत होत्या. वर्धा जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "घराचं चिन्ह कसं काढतात?" मी म्हटलं, एक चौकोन, वर एक त्रिकोण, झालं. घरी पोचताच चपला न काढता त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. त्यांनीच चौकोन काढला, त्यांनीच त्रिकोण. मी एक नवा थर करून दिला, म्हणजे घर कुठेही उचलून नेता येईल.

आणि घर देशभर फिरू लागलं. नदीकाठी ठेवलं, "पुरात जाईन" म्हणून उचललं. डोंगराच्या पायथ्याशी नेलं. "तिले थंडी सोसत नाई." समुद्राजवळ नेलं, तर "दमट हवेत तिचे रंग वाळणार नाईत." राजधानीत नको, गर्दी. मी कंटाळून म्हटलं, "बाई, ठेवा ना कुठेही. उद्या त्यांना फक्त दिसायला पाहिजे."

"घर हाय ते. कुठीबी कसं ठेवू?"

संध्याकाळी पुन्हा लाइट गेले. बाई म्हणाल्या, सकाळी ठरवू.

सकाळी नर्सचा फोन आला. बाईंनी तो उभ्यानेच ऐकला. "हो," म्हणाल्या. "हो. घरी कधी आणणार?" मग फोन ठेवला आणि मला पांढरं पातळ काढून द्यायला सांगितलं.

रंगबाईंच्या घरी बाई बायकांमधे भिंतीला टेकून बसल्या. शाळेतल्या जुन्या शिक्षिका आल्या होत्या. त्यांतल्या दोघी-तिघींनी बाईंकडे पाहिलं आणि मग नजर वळवली. भाचीने मला बाजूला घेऊन सांगितलं, रात्री झोप लागेपर्यंत मावशी नकाशा जवळ घेऊन होती. पहाटे सगळ्या धावपळीत तो चादरींबरोबर कुठे गेला, कोणाला आठवत नव्हतं. ती रडत माफी मागत होती. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "असू दे. तिनं पाहिला ना."

त्यानंतर आमच्या संध्याकाळच्या शिकवण्या बंद झाल्या. बाईंनीही म्हटलं नाही, मीही नाही. कॉम्प्युटरवर रुमाल पडला तो पडलाच. एकदाच, क्लास लवकर सुटला म्हणून मी दुपारी घरी आले, तर बाई पडद्यासमोर बसलेल्या. नकाशा उघडा होता. त्या माउस हळूहळू सरकवत होत्या, ते इवलंसं घर हलत होतं. माझी चाहूल लागताच त्यांनी पडदा बंद केला आणि विचारलं, जेवलीस का.

कोर्स संपला, मला नागपूरला काम मिळालं. जमिनीचे ले-आउट पाडणाऱ्यांसाठी मी नकाशे करते : प्लॉट, रस्ते, बाग, मंदिराची जागा. गिऱ्हाइकांना बरं वाटावं म्हणून प्रत्येक प्लॉटवर लहानसं घरही काढून देते. काम करताना बाईंची आठवण येणं चुकत नाही.

बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. गुडघ्यांनी त्यांना घरातच बसवलं होतं. पूर्वेच्या भिंतीशी आता औषधांचं टेबल होतं. कॉम्प्युटर कधीच बंद पडला, दुरुस्तीवाल्याने आतलं सगळं गेलं म्हणून सांगितलं, मग तो भंगारवाल्याने नेला. त्या हे रेडिओवरची बातमी सांगावी तसं सांगत होत्या.

मी म्हटलं, "बाई, मला सगळं पाठ आहे. मी पुन्हा काढून देते. आता माझा हात बसलाय, एका दिवसात होईल."

"पाठ हाय?" त्या लगेच बाई झाल्या. "परीक्षेच्या वाळवंटात पाऊस काऊन नाई?"

"वारे पश्चिमेचे. खडू पर्वत अडवतो."

"घंटा बेट?"

मी सांगितलं. त्या एकेक विचारत गेल्या, मी सांगत गेले. चेहऱ्यावर जुना रंग आला होता. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्या देशातून आल्यासारखं त्या माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी मी म्हटलं, "आणि घर? घर कुठे ठेवू?"

बाई थांबल्या. बाहेर रस्त्यावरून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला.

"जागा सापडली होती मले," त्या म्हणाल्या. "तू दुपारी आली होती ना, त्या दिवशी. लय चांगली जागा होती. तिले आवडली असती."

"मग ठेवलं का नाही तुम्ही?"

"ठेवलं होतं. मंग काढून टाकलं." त्यांनी पदर सारखा केला. "मी एकटी राहून काय करू तिथं?"